बिनभुताचा सिनेमा

सरांनी मला आजवर कितीतरी भुताचे सिनेमे सांगितले आणि त्यातल्या एकाचाही शेवट सांगितला नाही.

आमचं कॉलेज इंदापूरला आणि आम्ही दोघं राहायला बारामतीत. ते इंग्रजीचे, मी भूगोलाची. एसटीचे धक्के सोडून त्यांच्या गाडीतून जायचं मीच ठरवलं होतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? गाडी बारामतीबाहेर पडून दोन्ही बाजूंना ऊस लागला, की सर सुरू.

"तर मॅडम, ती बाई आरशात बघते. आणि आरशात ती नसतेच."

"बरं. मग?"

"मग काय? आता तुम्ही सांगा, बाई खोटी की आरसा?"

"सर, शेवटी काय झालं तेवढं सांगा."

"शेवट विचारणं हा प्रेक्षकाचा आळस आहे," असं म्हणून ते समोरच्या उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायचे, तेही हॉर्न न वाजवता.

त्यांचं म्हणणं असं, की जुन्या सिनेमात भूत पिंपळावर असायचं, आता ते बघणाऱ्याच्या डोक्यात येऊन बसलंय. बाई म्हणते घरात कुणीतरी आहे. नवरा म्हणतो हिचं डोकं फिरलंय. आणि दिग्दर्शक गप्प बसतो, कुणाचं खरं ते सांगतच नाही. "त्या गप्प बसण्यात सगळी भीती आहे मॅडम. भूत दाखवलं की सिनेमा संपला." याला ते पोस्टमॉडर्न म्हणायचे. मी एकदा म्हटलं, गप्प बसणं एवढं आवडतं तर तुम्ही का नाही बसत? त्यावर ते अगदी मनापासून हसले आणि दुसरा सिनेमा सुरू केला.

सत्य एक नसतं, त्याचे पाठभेद असतात, हे त्यांचं आवडतं वाक्य. मी चिडून म्हणायचे, "नदी कुठून कुठं वाहते याला पाठभेद नसतो."

"माझ्या गावाला या," ते म्हणायचे. त्यांचं गाव डाळज, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर; जुनी शेती सगळी पाण्याखाली गेलेली. "वडील आम्हाला काठावर उभं करून पाण्याकडे बोट दाखवायचे. तिथं आपला आंबा, तिथं विहीर. आम्हाला नुसतं पाणी दिसायचं. आता सांगा, कोण खरं?"

इथं मी हरायचे, हे मान्य करते. पण म्हणून माणसानं परीक्षेच्या पेपरात चार पर्याय द्यायचे आणि चारही बरोबर ठरवायचे? सरांनी ते केलं. मुलं खूश, परीक्षा विभाग रडकुंडीला. प्राचार्यांनी बोलावलं तर म्हणाले, "पाचवा पर्याय लिहायला जागा सोडली होती, कुणी लिहिलाच नाही याचं वाईट वाटतं." दुसऱ्या वर्षी त्यांनी गॅदरिंगला मुलांना एक भयपट दाखवला आणि ऐन रंगात आल्यावर प्रोजेक्टर बंद केला. म्हणाले, इथून पुढचा सिनेमा तुम्ही घरी जाऊन बनवा. मुलांनी हॉलच्या खुर्च्या आपटल्या. त्या आवाजाची चौकशी करायला जी समिती नेमली तिच्यात मी होते. म्हणजे सिनेमा त्यांनी बंद करायचा आणि अहवाल मी लिहायचा.

त्यांच्या पत्नी बँकेत आहेत, शांत बाई. मी एकदा विचारलं, घरी कसं चालतं हो तुमचं? त्या म्हणाल्या, "घरात टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो. बाकी मी ऐकत नाही."

अशा माणसानं एक दिवस स्वतःच सिनेमा काढायचं ठरवलं, आणि तो काढायला त्यांना माझंच माहेर सापडलं.

माझं माहेर शेळगावात, आमच्या वाटेवरच. रानात घर, तिन्ही बाजूंनी ऊस. एका शनिवारी सर मला तिथं सोडायला आले आणि गाडीतून उतरून अंगणाच्या मधोमध उभे राहिले. दुपारची वेळ, पानसुद्धा हलत नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "किती भयानक जागा आहे ही!"

आईनं तेवढ्यात अंगण झाडून काढलं होतं. तिचा खराटा हातातच राहिला. "भयानक म्हंजे? काय घाण हाय का हितं?"

मी आईची समजूत काढेपर्यंत सरांनी माझ्या धाकट्या भावाला, महेशला, गोष्ट सांगून टाकली होती. शेतातलं घर. भरदुपारी नवरा जेवायला येतो. बायको त्याला वाढते, बघते आणि म्हणते, हा माझा नवरा नाही. बस. अंधार नाही, भूत नाही, किंकाळी नाही. "रात्री कुणीही घाबरतं महेशराव. बारा वाजता घाबरवून दाखवायला पाहिजे." महेशनं पोस्टमॉडर्न म्हणजे काय ते विचारलं. सर म्हणाले, एकाच घटनेच्या अनेक गोष्टी असतात आणि त्यातली कुठलीच शेवटची नसते. महेश म्हणाला, "आमच्या बांधाच्या केससारखं व्हय!" सरांना हे उदाहरण इतकं आवडलं, की पुढं त्यांनी ते वर्गातही वापरलं.

बायकोचं काम करायला कॉलेजातली एक मुलगी ठरली होती. तिच्या घरच्यांनी ऐन वेळी नाही म्हटलं, तेव्हा महेशची बायको वर्षा म्हणाली, "मी करू का?" ती बीए झालेली, कॉलेजात नाटकात काम केलेली. लग्नानंतर कुणी तिला त्याबद्दल विचारलंही नव्हतं. खरा नवरा आणि खरी बायको हे बघून सर नुसते उड्या मारायचे बाकी होते.

शूटिंग म्हणजे काय, तर महेशला जेवायला बसवायचं. पुन्हा आणि पुन्हा. पिठलं गार झालं, की आई वैतागून परत गरम करायची.

"महेशराव, तुम्ही तुम्हीच आहात. पण थोडेसे नाही आहात. तसं खा."

"सर, उभ्या जन्मात मला कुणी जेवायला शिकवलं न्हवतं," महेश तोंडातला घास सांभाळत म्हणाला.

वर्षाला मात्र काही सांगावं लागलं नाही. ताक ओतता ओतता तिचा हात थांबला, आणि शेजारणीला कालवणात मीठ कमी पडल्याचं सांगावं इतक्या हळू ती म्हणाली, "ह्यो माझा नवरा न्हाय." उन्हात उभी असून माझ्या अंगावर काटा आला. महेशनंही खरंच घास खाली ठेवला.

सिनेमा जेमतेम एका जेवणाएवढा झाला. गावात मोबाइलवरून सगळ्यांनी पाहिला. आईनं सरांना विचारलं, "मग त्यो खरा का खोटा?" सर नुसते हसले. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हंजे ह्येस्नीच म्हाईत न्हाय."

इथपर्यंत सगळा नुसता वैताग होता.

पुढच्या वर्षी वर्षा बाळंत झाली. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच केलं. मुलगा झाला. बाळ महिन्याचंही झालं नव्हतं, आणि एक दिवस सकाळी आम्ही कॉलेजला निघालेलो असताना गाडीतच महेशचा फोन आला.

"आक्का, वर्षा झोपत न्हाय. किती दिस झालं डोळ्याला डोळा न्हाय. आन आता मला घरात येऊ दीना. म्हणती, ह्यो महेश न्हाय."

मी सरांकडे वळून काय काय बोलले, ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की तुमच्या सिनेमानं केलं हे, असं मी ओरडून म्हणाले. सरांनी ते ऐकून घेतलं. गाडी शेळगावात वळवली.

अंगणात माणसं जमली होती. वर्षा आतल्या भिंतीला टेकून बसली होती, डोळे लाल, केस तसेच. बाळ आईच्या मांडीवर, लांब. महेश दारात उभा राहिला तशी ती त्याच्याकडं बघून अगदी अदबीनं म्हणाली, "तुमी कोण हाय ते मला म्हाईत न्हाय. पण त्येंचा आवाज काढू नका." महेश मागच्या मागे फिरला आणि गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाळही बदललंय, असं ती सकाळपासून म्हणत होती.

वडील गेल्यापासून आमच्या घरात शब्द चालतो तो चुलत्यांचा, तात्यांचा. त्यांनी जीप मागवून ठेवली होती. नदीपलीकडच्या एका देवऋष्याकडं तिला न्यायचं ठरलं होतं. सरांना बघताच तात्या उसळले.

"ह्या मास्तरनं केलं! भरल्या दुपारी, उसाच्या कडंला, पोरीच्या तोंडनं वदवून घेतलं. बाधा हुणार न्हाय तर काय हुईल?"

मी मनात म्हटलं, झालं. आता हे पाठभेद काढणार. माणसाचं मन कसं अनेक असतं ते सांगणार, आणि तोवर जीप निघून जाणार. मी पुढं होऊन तात्यांना समजावू लागले, ही बाधा नाही, आजार आहे, बारामतीला डॉक्टर आहेत. माझं कोण ऐकतंय! लेकीचा शब्द माहेरात चहापुरता.

तेवढ्यात सर म्हणाले, "व्हय तात्या. बाधा माझ्याच सिनेमाची हाय."

सगळे त्यांच्याकडं वळले. मीसुद्धा. त्यांच्या तोंडून ती डाळजची बोली मी पहिल्यांदा ऐकत होते.

"ज्यानं लावली त्यानंच उतरवायची असती, का न्हाय? दुसऱ्यानं हात घातला तर बिघडंल. उतरवायची जागा मला म्हाईत हाय. बारामतीला. माझ्या गाडीतनं नेतो. तुमाला यायचं तर तुमीबी चला."

तात्यांना यात खोट काढता येईना. ते जीपकडं बघत म्हणाले, "आज उतरली पायजे."

"आज न्हाय उतरायची. पण आज धरली तर उतरंल."

सर आत गेले. वर्षाजवळ न जाता उंबऱ्यातच टेकले. तो महेशच आहे, वेडेपणा करू नको, असलं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "वर्षा, तुला झोप न्हाय. आधी झोपंचं बघू. कोण कोण हाय, ते मागनं बघता येईल."

तिनं खूप वेळ त्यांच्याकडं पाहिलं. "तुमी सरच हाय न्हवं? खरे?"

"व्हय."

"मग येते."

बारामतीच्या मानसोपचाराच्या डॉक्टर मध्यम वयाच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वर्षाला दाखल करून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, की बाळंतपणानंतर काही जणींना असा आजार होतो, झोप तुटते, जवळची माणसं परकी वाटू लागतात. वेळेवर आणलंत, नाहीतर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका होता. औषधानं ती बरी होईल. मी सिनेमाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "सिनेमा नसता तरी आजार आला असता. मनाला जे शब्द जवळ सापडतात, ते मन उचलतं. दुसरं काही सापडलं असतं, तर त्या दुसरं बोलल्या असत्या."

सर बाहेर बाकावर बसले होते. मी जाऊन म्हटलं, "ऐकलंत ना? तुमचा दोष नाही. मी मघाशी बोलले ते चुकलं."

"ऐकलं," ते म्हणाले. पण उठले नाहीत. महेशला सोबत हवी म्हणून त्या दिवशी ते तिथंच थांबले, दुसऱ्या दिवशीही आले आणि वर्षा घरी जाईपर्यंत येत राहिले.

ऊसतोड सुरू झाली तोवर ती सावरली होती. महेशला महेश म्हणत होती, बाळाला पदराखाली घेत होती. आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच माझा वैताग दुप्पट झाला.

कारण शेळगावात सरांचं भूत झालं. त्यांच्याकडं विद्या आहे म्हणे. कॅमेऱ्यातनं लावतात आणि गाडीत घालून उतरवतात. रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही चहाला थांबलो, तर बाया पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. सरांना त्याची मौज वाटायची.

"सर, गावात येऊन खरं काय ते सांगा लोकांना."

"कशाला मॅडम? त्यांची गोष्ट त्यांना पुरते. पोरगी वाचली, काम झालं."

"पण ते खोटं आहे!"

"तोही एक पाठभेदच आहे."

माझ्या हातात जेवणाचा डबा होता. तो मी त्यांच्या डोक्यात घातला नाही, याचं अजूनही कधीकधी वाईट वाटतं.

त्यानंतर वर्षानंच निरोप पाठवला, सरांना घेऊन या. आम्ही गेलो. तिनं चहा दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"सर, मला कुणी हळदीकुंकवाला बोलवत न्हाय. बाळाला माझ्या हातनं कुणी घेत न्हाय. म्हणत्यात, हिच्या अंगात अजून आसंल."

"वर्षा, त्याचं असं असतं, की लोक आपापल्या अनुभवातून—"

"तुमच्यासाठनं ते लोकांचं म्हणणं हाय, सर. मला त्येंच्यातच ऱ्हायाचंय." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मी रोज गोळ्या खाती. डॉक्टर म्हणतील तवर खाणार. आजार म्हणलं, की बरी झाले म्हणता येतंय. बाधा म्हणलं, की ती कवाच संपत न्हाय."

सरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दामच दुसरीकडं बघितलं.

"मग काय करू?"

"बाळाच्या जावळाला या. सगळी आसतील. उभं राहून सरळ सांगा. आन एकच सांगा. धा न्हाय."

जावळाला अंगणात मांडव होता. बाळाचे केस उतरवून झाले, पंगती बसायच्या होत्या, मटणाचा वास सुटला होता. सर उठले. प्राध्यापक उठल्यावर जे व्हायचं तेच झालं. "मानवी मन हे," त्यांनी सुरुवात केली, "मुळातच अनेक—"

"सर," वर्षा दारातून म्हणाली. कडेवर नुकतंच गुळगुळीत झालेल्या डोक्याचं बाळ.

सर थांबले. घशाशी आलेलं त्यांनी अक्षरशः गिळलं.

"माझ्या सिनेमात भूत न्हवतं," ते म्हणाले. "वर्षाला बाधा झाली न्हवती. बाळंतपणानंतर होतो तसला आजार झाला होता. डॉक्टरनी औषध दिलं. ती बरी झाली. एवढंच झालं. दुसरं काय झालं न्हाय."

तात्या समोरच बसले होते. "मग तवा तुमी हितं उभं राहून बाधा म्हणलात, ते काय?"

"खोटं बोललो."

"आमाला फसिवलं?"

"फसिवलं, तात्या. तुमी जीप सोडावी म्हणून."

तात्या उठले. पटका नीट केला आणि न जेवता मांडवाबाहेर पडले. त्यांच्यामागं भावकीतली चार माणसं उठली. आई डोक्याला हात लावून बसली. जावळाच्या पंगतीतून घरचं वडीलधारं माणूस उपाशी उठून गेलं, यापेक्षा मोठं संकट तिला ठाऊक नव्हतं. मग शेजारच्या एक काकी पदर खोचून उठल्या, वर्षाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आण त्याला हिकडं. तू वाढायला घे." वर्षानं बाळ त्यांच्या हातात दिलं आणि भाकरीची पाटी उचलली. महेश तिच्या मागं रश्श्याची बादली घेऊन निघाला.

जेवण झाल्यावर आम्ही निघालो. तात्या माझ्यामुळं दुखावले, सरांना मी आणलं नसतं तर बरं झालं असतं, असं आई मला दोनदा ऐकवून गेली होती. मी गाडीत बसले तेव्हा डोकं भणभणत होतं. सर किल्ली शोधत होते. ती नेहमी त्यांच्या हातातच असते.

तेवढ्यात तात्यांच्या बायको, आमच्या थोरल्या काकू, घाईघाईनं गाडीकडं आल्या. माझ्या हातात मटणाचा डबा दिला आणि वळसा घालून सरांच्या खिडकीशी गेल्या. मागं कुणी नाही ना, ते बघून घेतलं.

"मास्तर, त्या डाक्टरीणबाई वयस्कर माणसाला बघत्यात का?"

"बघतात. कोण आजारी हाय, काकू?"

तात्या ज्या वाटेनं गेले होते, त्या वाटेकडं काकूंनी पाहिलं. "झोपंतनं उठून बसत्यात. कोण बोलवतंय म्हणत्यात. त्याला उत्तरं देत्यात. लई वर्सं झाली. मी कुणाला बोलले न्हाय."

मी डबा मांडीवर ठेवला. लहानपणापासून मी तात्यांना ओळखते.

"मी म्हणल्यावर यायचं न्हायत," काकू म्हणाल्या. "तुमी न्यायला येताल?"

"येतो."

"आन काय सांगून न्याल? आता तर तुमच्यावर त्येंचा इस्वास बी न्हाय."

सरांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाले, "सोमवारी सकाळी येतो. खरं तेच सांगतो. न्हाय आले, तर मंगळवारी परत येतो."

काकूंनी मान हलवली, पदर सारखा केला आणि मांडवाकडं परतल्या.

सोमवारी सकाळी माझा पहिला तास असतो. तो मी मनातल्या मनात रद्द केला.